शुक्रवारी सहा वाजता सभा कोण ठेवतं?

...आणि वर मलाच गद्दार म्हणतात! मला, डेल्मर क्रूगरला! काउंटीतल्या पक्षाचा अध्यक्ष मी, दर निवडणुकीला दारोदार प्रचाराच्या पाट्या रोवत हिंडलेला मी, याच राष्ट्राध्यक्षाला मत दिलेला मी... आणि माझा गुन्हा काय, तर मी एक साधा प्रश्न विचारला. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता सभा कोण ठेवतं?

नाही, तुम्हीच सांगा. विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी सहाला माणूस कुठे असतो? मासळीला! दर शुक्रवारी गावच्या हॉलमध्ये मासे तळतात; पाद्री असो, पोलीस असो, नवरा-बायकोचं भांडण असो, सगळं मासळीच्या टेबलावर. तळलेला मासा, राय धान्याचा काळा पाव, कोबीची कोशिंबीर, हातात ब्रँडी. त्या वेळेला आमच्याकडे कुणी मरतसुद्धा नाही हो, शनिवारपर्यंत थांबतात.

तर निवडणुकीच्या आधी इंटरनेटवर एक पान उगवलं. गरुड काय, झेंडे काय, ‘गावकऱ्यांनो, जागे व्हा’ काय... आणि खाली निमंत्रण: शुक्रवारी सहा वाजता, कोर्टासमोरच्या चौकात. मी तिथल्या तिथे म्हटलं, हा माणूस इथला नाही. आमचा चिटणीस आर्डन, दातांचा डॉक्टर, तो तोंड एवढंसं करून म्हणतो, “डेल्मर, देशासाठी एक दिवस मासा सोडता येत नाही तुला?” आता देशच मध्ये घातल्यावर काय बोलणार? गेलो. सगळा पक्ष थंडीत कुडकुडत उभा, आणि आयोजकाचा पत्ता नाही. मेसेज मात्र येतायत... “निघालोय, ट्रॅफिकमध्ये अडकलोय.” ट्रॅफिकमध्ये! आमच्याकडे ट्रॅफिक म्हणजे पुढे एक ट्रॅक्टर आणि मागे त्याला शिव्या देणारी माझी बायको लव्हॉन. शेवटी आमची आम्हीच भाषणं केली, आमच्याच आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि परत येतो तर मासळी संपलेली.

निवडणूक झाली, आम्ही जिंकलो, आणि मग सरकारचे दोन अधिकारी आले. म्हणाले, तो आयोजक समुद्रापलीकडे परक्या देशात एका ऑफिसात बसलेला होता, आमच्यासारख्यांना नाचवायचा पगार घेत होता. मी म्हटलं, बघा! सांगत नव्हतो?

म्हणून मी एका ओळीचा ठराव मांडायचं ठरवलं. ‘आमच्या निवडणुकीत परक्यांनी नाक खुपसू नये, फायदा कुणाचाही होवो.’ बस. यात काय वाईट आहे? पण आर्डनचा चेहरा असा झाला की जणू मीच त्याचा दात उपटला. “म्हणजे आपला राष्ट्राध्यक्ष परक्यांच्या मदतीने जिंकला म्हणतोस?” अरे बाबा, मी राष्ट्राध्यक्षाचं नाव तरी घेतलं का?

मग मी आमच्या खासदाराला गाठलं. प्रेंटिस. त्याची पहिली पाटी माझ्या अंगणात लागली होती. मासळीच्या टेबलाशी माझ्या कानाला लागून म्हणतो, “डेल्मर, तुझं शंभर टक्के बरोबर आहे.” म्हटलं, मग मोठ्याने बोल. तर म्हणतो, “वेडा आहेस का? राष्ट्राध्यक्ष माझ्याबद्दल एक वाक्य बोलले ना, तर आपल्याच पक्षातला कुणीतरी उभा राहून माझी जागा घेईल.” म्हटलं, ती जागा राखून करणार काय? तर इकडेतिकडे बघत म्हणतो, “राष्ट्राध्यक्षांच्या पाठीशी उभा राहणार.” घ्या! जागा राखायला त्यांना सांभाळायचं, आणि त्यांना सांभाळायला जागा राखायची. मला राग आला, खोटं कशाला सांगू. वाईटही वाटलं. माणूस चांगला होता हो तो.

आणि मग निरोप आला. मला अध्यक्षपदावरून काढायची सभा. कधी? शुक्रवारी, संध्याकाळी सहा वाजता.

मी नीट पाहिलं. म्हटलं, पुन्हा तो परका तर नाही? नाही. खाली आर्डनची सही, आमच्याच आर्डनची.

लव्हॉन म्हणाली, “जाऊ नकोस, मासा खा.” मी म्हटलं, जाणार. गेलो, उभा राहिलो, ती एक ओळ खणखणीत वाचली आणि म्हटलं, करा हात वर. लव्हॉनचा हात तेवढा वर गेला. बाकी सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. प्रेंटिस पहिल्या रांगेत... त्याचे बूट नवे होते. मग आर्डनने विचारलं, “डेल्मरला काढावं असं कुणाला वाटतं?” त्यावर मात्र लव्हॉन सोडून सगळे हात वर. मी म्हटलं, ठीक आहे, काढा, पण ही ओळ मी माझ्या अंगणात पाटीवर लिहून लावणार. आणि लावलीय! जाऊन बघा.

तिथून थेट मासळीला. हॉल रिकामा. तळणारी बाई म्हणते, “आज काय झालं, गाव कुठे गेलं?” मी म्हटलं, बाई, तो परका माणूस उगाच पगार घेत होता... आमची माणसं तेच काम फुकट करतात, आणि तेही शुक्रवारी सहा वाजता.