हसरा फोटो चालत नाही

—नाही मावशी, हा फोटो चालणार नाही. का म्हणून काय, हसताय तुम्ही यात! दात दिसतायत. व्हिसाच्या फोटोत तोंड मिटून सरळ बघायचं असतं, घरात कुणी गेल्यासारखं. फोटोवाल्याने सांगितलं नाही? सांगितलं, तरी हसलात? नातवंड होणार म्हणून? वा! त्या गोऱ्या साहेबाला काय करायचंय तुमच्या नातवंडाशी! बसा, बसा — ती नाही, ती दाराजवळची खुर्ची घ्या. राग मानू नका हां, पण एसीत वास फिरतो, मग दिवसभर जात नाही, आणि माझ्याकडे येणारी माणसं कशी, सात बंगल्याची, लोखंडवाल्याची, लगेच नाकाला रुमाल लावतात. पिशवीत काय आहे? सुरमई? माझ्यासाठी? अरे देवा! ठेवा, तिथेच पायपुसण्यावर ठेवा, बर्फाचं पाणी गळतंय.

तुमचा मुलगा प्रज्योत आणि मी एकाच ऑफिसात होतो, म्हणून त्याने तुम्हाला या विद्याधरकडे पाठवलं, पण मी तुम्हाला त्याच्या आधीपासून ओळखतो. माझी बायको, दिपाली, दर रविवारी वेसाव्याच्या बाजारात तुमच्याच, जयाबाईच्या ओट्यावर यायची. एकदा मीही होतो बरोबर. तिने सुरमई दाबून बघितली, भाव विचारला आणि ठेवली परत — तर केवढ्याने ओरडलात तुम्ही! 'मासा हाय तो, आंबा न्हाय! घ्यायचा नसंल तर भाजीबाजारात जा!' अख्खा बाजार हसला, मावशी. दिपाली घरी येईपर्यंत रडत होती. तुमच्या लक्षातही नसेल — नाहीच ना? असू दे, धंद्यात होतं असं. मी काही मनात ठेवत नाही.

तर अर्ज. कशाला जाताय कॅनडाला? मला माहितीये हो, पण साहेबाने विचारलं तर काय सांगाल? 'सुनेचं बाळंतपण करायला, पाचवी पुजायला.' झालं! लागली वाट! साहेब म्हणणार, ही कामाला चालली, ही राहिली तिकडेच. आपण लिहायचं — फिरायला. धबधबा बघायला. बघायचा नसला तरी बघायचाय, असंच म्हणायचं, त्याला काय तिकीट पडतं? आणि पाचवीचं नाव काढायचं नाही. हो, हो, तुमच्यात बापाच्या आईनेच पुजायची असते, पाटा मांडायचा, दिवा लावायचा, मग रात्री सटवी येऊन बाळाचं नशीब लिहिते, सगळं बरोबर आहे — पण सटवीला व्हिसा लागत नाही, मावशी. तुम्हाला लागतो.

साहेबाला भीती एकच, ही म्हातारी परत येणार का? बाकी सगळे कागद त्या एका प्रश्नासाठी. इथे तुमचं असं काय आहे की तुम्ही ओढीने परत याल? नवरा? हां, ते गेले. दुसरं मूल? नाही. घर? ते तर प्रज्योतच्या नावावर. बँकेत काही नाही, तुमचा धंदा सगळा रोखीचा. म्हणजे कागदावर बघाल तर तुम्ही इथे नाहीच आहात, मावशी. हसू नका, खरं सांगतोय. पण घाबरायचं कारण नाही, हुकमाचं पान आहे ना तुमच्याकडे — ओटा! परवाना तुमच्या नावाचा, तुमच्या सासूकडून तुमच्याकडे आलेला, एवढी वर्षं चालता धंदा. गोराईच्या एका बाईला पाठवलं मी असल्याच परवान्यावर, साहेबाने दुसरा प्रश्न विचारला नाही. झकास काम झालं. काढा, परवाना काढा. — म्हणजे? शकुला दिला? कोण शकु? तुमची जाऊ. बसायला दिला ना? नावावर करून दिला? अहो पण का? मला माहितीये, ओटा मोकळा सोडायचा नाही, एक बाई उठली की घरातली दुसरी बसवायची, ती तुमची पद्धत आहे. पण बसवायची! नावावर कशाला करायचा? कुणी सांगितलं तुम्हाला हे?

प्रज्योतने?

थांबा हां. कधी सांगितलं? गणपती झाल्यावर? नक्की आठवतंय? — नाही, काही नाही, पाणी प्या तुम्ही. गंमत वाटली जरा. कारण त्याला मी गणपतीतच बोललो होतो फोनवर, की बाबा, आईच्या फाईलमध्ये दम नाही, एक ओटाच काय तो वाचवेल, तेवढा कागद जपून ठेवायला सांग तिला. आणि त्यानंतर त्याने तुम्हाला सांगितलं की ओटा देऊन टाक. काय म्हणाला? 'आई, जन्मभर टोपल्या उचलल्यास, आता पुरे झालं'? गोड बोलतो हो पोरगा. नाही, नाही, विसरला असेल. तिकडे थंडी असते, कामाचा ताण असतो, विसरतं माणूस. माझं काय म्हणणं आहे, मी काहीच म्हणत नाहीये.

आता डोळे पुसा आधी. बघा, फाईल कशी लागते ते दाखवतो, म्हणजे तुम्हालाच कळेल माझं दुखणं काय आहे. ही बघा. हे प्रज्योतच्या सहीचं निमंत्रण, 'राहण्याजेवण्याचा सगळा भार माझा' म्हणून. हा विमा. ही तुमच्या सुनेच्या, नमिताच्या डॉक्टरची चिठ्ठी. हे परतीचं तिकीट. अशी फाईल आली ना, की — कुणाची म्हणजे? अरे यार. तुम्हाला माहीत नाही? तुमच्या विहीणबाईंची. नमिताच्या आईची, मुलुंडच्या. आला की त्यांचा व्हिसा गेल्याच आठवड्यात! बाळंतपणाला जातायत, आणि लिहिलंयही तसंच, त्यांच्या नावावर घर आहे ना. तुम्हाला बोलल्या नाहीत? तुम्ही तर दिवाळीचा फराळ घेऊन गेला होतात ना त्यांच्याकडे, प्रज्योतने फोटो पाठवला मला. हां, म्हणजे तेव्हा अर्ज टाकलेलाच होता. चहा तरी दिला का त्यांनी?

असं बघू नका माझ्याकडे, मी काय केलंय? मी एजंट माणूस. आता निघालंच आहे तोंडून तर ऐका. प्रज्योत म्हणाला, 'विद्या, आईची फाईल टाक, नाही टाकली तर ती माझ्या मागे लागेल, पण तू फार मेहनत घेऊ नकोस.' मी म्हटलं, अरे, नकार येईल. तर म्हणतो, 'येऊ दे ना. मी नाही म्हटलं तर ती आयुष्यभर बोलून दाखवेल, साहेबाने नाही म्हटलं तर चार दिवस रडेल आणि गप्प बसेल.' डोकं आहे पोराला, मानलं पाहिजे. आणि खरं सांगू, त्याचं चुकलं कुठे? तिकडे एवढंसं घर, तुम्ही जाऊन बाल्कनीत बोंबील वाळत घालणार, शेजारी पोलिसांना बोलावतील. नमिताला म्हणे तुमच्या घरी आली की मळमळायचं — आताची नाही हो गोष्ट, लग्न झालं तेव्हापासूनची. तिने तुम्हाला कधी सांगितलं नाही, एवढे संस्कार आहेत तिच्यात. मी परवा जेवताना दिपालीला सांगितलं हे सगळं, तर इतकी हसली, इतकी हसली की ठसका लागला तिला. म्हणाली, 'जयाबाईला सांग, बाळ आहे ते, आंबा नाही, दाबून बघायला मिळणार नाही.' — नाही म्हणजे, गमतीत. गमतीत म्हणाली ती.

हां! हा चेहरा! हलू नका, अगदी असाच लागतो फोटोत. भिंतीला टेका, मोबाईलवरच काढतो. बघा इकडे. झालं. हा पास होणार, शंभर टक्के. मघाशी उगाच फोटोवाल्याला पैसे घातलेत.

काय? मोठ्याने बोला, एसीचा आवाज होतोय. — प्रज्योतला सांगू नको? काय सांगू नको? तुम्हाला कळलं हे? का बरं? मी तर म्हणतो फोन लावा आत्ताच्या आत्ता, चार शिव्या हासडा, हक्क आहे तुमचा. लावून देऊ? — नको? म्हणजे फाईल टाकायची? नकार येणार हे माहीत असून? 'त्याला वाईट वाटंल'? त्याला? अहो मावशी, काय बोलताय तुम्ही! ओरडा ना जरा. बाजारात ओरडला होतात तशा. मी एवढं बोललो तुम्हाला, मला तरी बोला. बोला की.

बरं. पेन द्या म्हणता? हे पेन. इथे सही, आणि खाली इथे. — आणि काय? नकार आला की आधी तुम्हाला कळवायचं? कशाला, माहीतच आहे की तुम्हाला. — त्याचा फोन यायच्या आधी कळायला हवं. नाहीतर फोनवर रडायचं राहून जाईल, आणि त्याला संशय येईल. असं म्हणता. — बरं, कळवतो.

झालं, या आता. मावशी, ती सुरमई न्या. नाही, नको, खरंच न्या, आमच्याकडे कुणी खाणार नाही आज. — दिपालीला? आवडते तिला, हो, पण — मावशी — अहो, पिशवी राहिली —

दार तरी ओढून घ्या. एसी चालू आहे.