दुसरा कप

(सकाळ. मैदानाच्या पायरीवर बाबा आणि मुलगी.)

बाबा : घड्याळाला काही झालेलं नाही म्हणे. दुकानदाराने दोनदा तपासलं आणि वर मलाच विचारलं, काका, तुमचा हात का थरथरतोय?

मुलगी : तुम्ही स्टॉपवॉच दुरुस्तीला नेलंत?

बाबा : मग काय करणार? परवा सरावाला तुझी पहिली फेरी सत्तर सेकंदांत दाखवली त्याने. शहात्तरच्या आत तू कधी सुरुवात करतेस का? म्हटलं, घड्याळ कामातून गेलं.

मुलगी : घड्याळ बरोबर होतं, बाबा.

बाबा : आणि शेवटी पाय ओढत आलीस, पंधराशे मीटरला चार मिनिटं सत्तावन्न लागली, तेही बरोबर?

मुलगी : तेही. किती वाजले?

बाबा : नऊ वाजून पाच. निवडीची शर्यत सव्वादहाला. तिसऱ्यांदा विचारतेयस. मुठीत काय आहे?

मुलगी : काही नाही.

बाबा : लहानपणी माती खायचीस तेव्हाही मूठ अशीच असायची. उघड बघू.

मुलगी : कॅफीनची गोळी आहे. बंदी नाही तिच्यावर, सरांना विचारलंय. तासभर आधी घ्यायची. म्हणजे सव्वानऊला.

बाबा : कॅफीन म्हणजे आपल्या कॉफीतलंच ना?

मुलगी : तेच. एका गोळीत दोन-अडीच कपांचं.

बाबा : एकवीस वर्षं भट्टीपाशी उभा राहून कॉफी भाजतोय मी, आणि माझ्या पोरीला ती गोळीतून हवी. बरं, करते काय ही?

मुलगी : दमणूक लवकर जाणवत नाही. एखाद-दोन टक्के वेळ कमी होतो म्हणतात. सगळ्यांचा होतोच असं नाही. पण मला दोनच सेकंद हवेत. चार बावन्नचे चार पन्नास झाले की क्रीडा वसतिगृहात जागा.

बाबा : माहीत आहे. झोपेतसुद्धा तेच आकडे बडबडतेस.

मुलगी : मैत्रीण म्हणाली, रोज कॉफी पिणाऱ्याला गोळी कमी लागू पडते. म्हणून दहा दिवस कॉफी बंद केली.

बाबा : त्याच्यासाठी बंद केलीस?

मुलगी : मग कशासाठी?

बाबा : मला वाटलं, रागावलीस. मी म्हटलं होतं ना, नाहीच जमलं तर आमच्या कारखान्यात पॅकिंगला जागा आहे. दुसऱ्या दिवसापासून तू कपाला हात लावला नाहीस. बोललीस तरी तिरकंच. तुझ्या आईला म्हटलं, पोरीच्या मनाला लागलं.

मुलगी : डोकं दुखत होतं हो. एकदम सोडली की दुखतं. आईवरही खेकसले मी.

बाबा : आणि मी रोज पहाटे दोन कप भरतोय. म्हटलं, आज तरी येऊन बसेल. नाही आलीस की तुझाही मीच पितो. टाकवत नाही.

मुलगी : दहा दिवस दोन्ही कप?

बाबा : तेही आपले मोठे. तुझी आई म्हणते, रात्रभर कुशी बदलत असता, मला तरी झोपू द्या.

मुलगी : अहो, म्हणून हात थरथरतोय तुमचा.

बाबा : असेल. आणि परवा तू ही गोळी घेऊनच पळालीस ना?

मुलगी : हो. छाती धडधडत होती. वाटलं, आज कुणाला ऐकत नाही मी. दोन फेऱ्यांत पाय संपले.

बाबा : तरी आज परत?

मुलगी : भीती वाटतेय बाबा. काहीतरी आधार हवा.

बाबा : मलाही वाटतेय. जागा नाही मिळाली तर तुझं तोंड बघवणार नाही, आणि मिळाली तर घरात तू नसशील. मी दोन्हीकडून मेलो. ... सव्वानऊ झाले. घे म्हणत नाही, नको म्हणत नाही. पळायचं तुला आहे.

मुलगी : थर्मासमध्ये काय आहे?

बाबा : काय असणार?

मुलगी : अर्धा कप द्या. गोळी तुमच्या खिशात ठेवा.

बाबा : अर्धाच?

मुलगी : अर्धाच. आणि तुम्ही थेंबभरही पिऊ नका. घड्याळ धरायचंय.

(साडेदहा वाजलेत. मैदानाची तीच पायरी.)

बाबा : आधी पाणी पी.

मुलगी : किती?

बाबा : फळ्यावर लावतील की.

मुलगी : तुमचं सांगा.

बाबा : चार पन्नास आणि वर चार दशांश. माझा हात हलला असेल.

मुलगी : नाही हलला. फळ्यावरही तेच आहे, बघून आले मी.

बाबा : गोळी माझ्या खिशातच राहिली गं. मी घे म्हणायला हवं होतं. चार दशांश तर होते.

मुलगी : परवा गोळीने काय दिलं, विसरलात? आजच्यासारखी मी कधीच पळाले नव्हते. शेवटच्या फेरीतही डोकं शांत होतं.

बाबा : पण जागा गेली.

मुलगी : गेली. रडणार आहे मी, पण घरी जाऊन. पुढची चाचणी चार महिन्यांनी आहे.

बाबा : पॅकिंगचं मी परत काढणार नाही.

मुलगी : काढा की. तुमच्यावर रागावले तर तोंडावर सांगेन, कॉफी सोडून नाही.

बाबा : मग उद्या किती वाजता उठवू?

मुलगी : नेहमीच्याच वेळेला. दोन कप भरा, आणि माझा मला पिऊ द्या.