एका वाडग्याचं लग्न

—बस म्हटलं ना, बस त्या ओंडक्यावर. मी काही पळून जात नाही, आणि ढवळणंही थांबवत नाही — तळ्यातून झोडून आणलेला हा रानचा देवभात भाजताना हात थांबला की करपतो, मग सगळा हिवाळा कडू घास. हं, काय म्हणत होतास? जज्जसाहेबांचा निरोप. सूर्य मावळायच्या आत आम्ही नवराबायकोनं गोदामातल्या कोर्टात यायचं, जज्जापुढे 'होय' म्हणायचं, की लग्न झालं, खटला मिटला. नाही आलो तर प्रोस्पेरला किल्ल्याच्या कोठडीत टाकणार. ऐकलं रे बाबा, बहिरी नाही मी. बहिरा तो आहे — तो बघ, होडीपाशी, आपल्याकडे पाठ करून. सकाळपासून एकाच भोकाला डिंक लावतोय.

तू नवा बेलीफ, तुला काय ठाऊक! या ग्रीन बेवर जज्ज नव्हता, पाद्री नव्हता, तेव्हा माणसं काय लग्नावाचून राहिली? प्रोस्पेर माझ्या बापाकडे आला — पाठीवर घोंगड्या, हातात पितळी हंडा — बापानं त्याच्याबरोबर चिलीम ओढली, आईनं आम्हा दोघांपुढे एकच वाडगा ठेवला, आम्ही साऱ्या वस्तीसमोर त्यातून जेवलो. झालं लग्न. आम्हा मेनोमिनी लोकांत असंच होतं, आणि इथले सगळे फ्रेंच व्यापारी असेच आमचे जावई झालेत. मग तुम्हा अमेरिकनांचं राज्य आलं, आणि औंदा कापणीला होडीतून जज्ज आला, कायद्याची पेटी घेऊन — म्हणाला, इथं लग्नावाचून बायका ठेवणारे कोण कोण आहेत ते ज्यूरीनं सांगावं. आणि ज्यूरी कोण? हस, हस, मीही हसले — सगळे एकाच माळेचे मणी! बाकावर बसून आरोप ठेवला, आणि बाकावरून उठून आरोपी म्हणून समोर उभे राहिले. गोद्रो लोहारानं तर आधी स्वतःचंच नाव घेतलं, म्हणाला, उरका, मला नाल ठोकायचेत.

प्रोस्पेरची पाळी येईपर्यंत हसत होते मी. दाराशी उभी होते, कातड्यांच्या ढिगाला टेकून. वकिलानं सगळ्यांना पढवलं होतं — कबूल म्हणा, दंड माफ होतो, मग लग्न करून मोकळे व्हा. यानं टोपी काढली आणि म्हणाला, 'कबूल'. बहिऱ्याचं बोलणं, साऱ्या गोदामाला ऐकू गेलं. काय रे कबूल? ही बाई माझी बायको नाही, हे कबूल? थोरली मादलेन, आणि तिकडे पाईनखाली पुरलेलं आमचं लहानगं — ती पापाची पोरं, हेही कबूल? मागे वळून बघितलंसुद्धा नाही त्यानं. वर घरी येऊन म्हणतो कसा, 'दोमितील, ते निळं पोलकं काढून ठेव, तुझं लग्न ठरलंय!' थट्टा करत होता. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

हट्ट? नाही रे, हट्टाला जोर लागतो, तो कुठं राहिलाय आता. पण मी 'होय' म्हणायचं ते कशाला? आजपासून बायको, मग कालपर्यंत मी कोण होते? आणि — तू परका आहेस म्हणून सांगते — भीतीही वाटते. तुझा जज्ज त्याला विचारणार, ही बाई तुला हवी का? हे त्याला कधी कुणी विचारलंच नाही, तो आपल्या पायानं आला होता. आता माझ्या तोंडात दात नाहीत, डोक्यावर केस नाहीत. तो क्षणभर थांबला तर? ऐकू आलं नाही म्हणून थांबला की विचार करायला थांबला, हे मला कसं कळणार? जाऊ दे. हे बोलायचं नव्हतं मला.

तर आता ऐक. बायको नसलेल्या बाईबरोबर राहतो, हाच गुन्हा ना? मग राहिलाच नाही तर? मान हलव नुसती. हं. दारात ते गाठोडं दिसतंय ना, ते त्याचं. आमच्यात बाईनं गाठोडं दाराबाहेर ठेवलं की संपलं, वकील लागत नाही. तुमच्या कायद्यानं तो माझा नवरा कधी नव्हताच. आमच्या कायद्यानं आज दुपारपर्यंत होता. सांग तुझ्या जज्जाला, गुन्हा मिटला, कोठडी नको. छाती भरलेली असते त्याची, किल्ल्यात ओल फार. मादलेनकडे सोड त्याला. लोकरीचा सदरा वरच ठेवलाय, वाडगाही घातलाय — मला एकटीला काय करायचाय तो? आणि बोलशील तेव्हा डाव्या बाजूनं बोल, उजव्या कानानं —

काय? येतोय? येऊ दे. न्यायलाच येत असेल गाठोडं, मी नाही बघत. तू सांग, घेतलं? — सोडतोय? अरे, आत्ताच बांधलंय ते, सगळं विस्कटेल... वाडगा कशाला काढतोस, प्रोस्पेर? प्रोस्पेर! — ऐकू येत नाही त्याला. — अरे, भात गरम आहे, वाडग्यात भरताना भाजेल हात —

बसला. माझ्यासमोर मांडी घालून बसला.

बेलीफबाबा, सूर्य मावळायला वेळ आहे अजून. कोठडीत न्यायचाच तर मग ने. आता जरा नदीकडे तोंड करून बस. आम्ही जेवतोय.