पिवळ्या पगडीचे तुकडे

मी निछत्तर सिंग, वडिलांचे नाव मेजर सिंग, वय ४१ वर्षे, धंदा शेती, राहणार बुर्ज ठंडेवाला, जिल्हा मानसा, पंजाब. ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगतो की,

माझी कपाशी घराला लागूनच आहे. पीक गुडघ्याला लागण्याआधीच पानांखाली पांढरी माशी बसू लागली. ही माशी पिवळ्या रंगावर धावते, म्हणून आमच्याकडे पिवळ्या पत्र्यांना एरंडेल फासून ते शेतात उभे करतात, माशी त्याला चिकटते. माझे पत्रे कमी पडले.

शेजारी माझे थोरले चुलते चानण सिंग राहतात. त्यांना मी तायाजी म्हणतो. मधल्या भिंतीच्या भांडणापासून त्यांचा मुलगा जगसीर आणि मी बोलत नाही. मंगळवारी दुपारी त्या भिंतीवर तायाजींची पिवळी पगडी वाळत होती. आसपास कोणी नव्हते. मी ती ओढून घेतली, फाडली आणि तुकड्यांना एरंडेल लावून ते काठ्यांना बांधले. जगसीरच्या बांधाकडे जास्त बांधले. कारण विचारले असता सांगतो की, त्या बाजूला माशी जास्त नव्हती, जगसीरला दिसावेत म्हणून बांधले.

संध्याकाळी जगसीर आला. म्हणाला, "बापाची पगडी बांधावर टांगलीस. आता डोकं न्यायला कधी येतोस, तेही सांगून ठेव." आमची झटापट झाली, त्यात त्याचा ओठ फाटला. कापड वाऱ्याने माझ्या शेतात आले, असे मी काल पोलिसांना सांगितले होते. ते खोटे आहे.

आज तायाजी डोक्याला पंचा गुंडाळून ठाण्यात आले. मला म्हणाले, "मागितली असतीस तर जुनी दिली असती की रे, पुत्तर. नेमकी लग्नाकार्याची दिसली होय तुझ्या माशीला?" मग जबाब लिहिणाऱ्या मुन्शीला म्हणाले, "लिहा, मीच दिली होती. पोरगा सांगायला विसरला."

माझे वडील वारले तेव्हा गावासमोर घरचा कर्ता म्हणून माझ्या डोक्याला पगडी बांधली ती तायाजींनीच. मला त्यांच्याकडे वर पाहवले नाही. फार शरम वाटते. त्यांनी पगडी दिली नव्हती, मी चोरली. तुकडे सोबत आणले आहेत. धुऊन पाहिले, माश्या निघत नाहीत.

हा जबाब मुन्शीने वाचून दाखवला, तेव्हा तायाजी बाकावरून म्हणाले, "हे चूक लिहिलंय." चूक नाही. मी सांगितले तसेच लिहिले आहे.