ब्रिनच्या वतीने

—नाही नाही, बसा ना, मांजराचा मला काही त्रास नाही. मला बाहेर काढलंय, एवढंच. हो, काढलंय! आत माझ्या मुलीची मुलाखत चाललीय—ब्रिन, सतरा वर्षांची—शाळा सुटल्यावर आठवड्यातले तीन दिवस इथे जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम, पुढे कॉलेजला उपयोगी पडेल. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘तुला इथे का यावंसं वाटतं?’ ही आपली बुटांकडे बघत बसली. मग मी सांगितलं. कुणीतरी सांगायला नको? तर बाई म्हणतात, ‘मिसेस हॉकनसन, तुम्ही जरा बाहेर बसता का?’ म्हणजे मीच नडते!

अर्ज कुणी भरला? मी. त्यासोबतचा निबंध मी तपासला—बरं, लिहिला. शाळेत विषय बदलायचा, मी फोन करते. साधा पिझ्झा मागवायचा तरी फोन माझ्या हातात कोंबते, ‘आई, तूच बोल.’ नवरा म्हणतो, लोरीन, तिचं तिला बोलू दे. म्हणायला काय जातंय त्याचं! पुढच्या वर्षी ही घराबाहेर पडणार, आणि बोलणार कोण हिच्या वतीने?

पहिल्यापासून अशी नव्हती हो. गेल्या वसंतात मला न विचारता बंदरावर गेली, प्रवासी बोटीवर उन्हाळ्याच्या कामासाठी नाव देऊन आली. दोर बांधायचे, डेक धुवायचा. जेवताना कप्तानाच्या इतक्या गोष्टी सांगितल्या, आम्हाला घास घेऊ देईना. तीन दिवसांनी त्याचा फोन आला—घरच्या नंबरवर, मीच उचलला. म्हणाला, ‘पोरगी चुणचुणीत आहे, उद्यापासून पाठवा.’ मी म्हटलं, तिला दुसरीकडे काम मिळालं.

आता बोटीवर काय शिकणार होती? आणि सुपीरियर सरोवराचं ते गार पाणी, जूनमध्येही हात बधिर होतो—मला काळजी नको? तिला सांगितलं नाही. ती वाट बघत राहिली, तीन आठवडे. मग एक दिवस भांडी पुसता पुसता म्हणाली, ‘माझं बोलताना काहीतरी चुकलं असेल.’ मी म्हटलं, ‘असेल.’

एवढंच म्हटलं. असेल.

असं का बघताय? तिच्या बापालाही ठाऊक नाही हे. तुम्ही ओळखत नाही ना तिला?

—आली. झालं? काय म्हणाल्या? घेतलं! सोमवारपासून! अगं मग तू काय सांगितलंस? …‘आईला विचारते’? ब्रिन, काम तुला करायचंय. यायचंय का तुला? …नाही, मी नाही येणार आत. तू सांग. हो किंवा नाही. …काय? जरा मोठ्याने बोल.

‘आई, तुला काय वाटतं?’

…अहो, तुम्ही जरा तिकडे बघा ना. आमचं आम्ही बघू. तिकडे बघा.