दोन ठोक्यांच्या मध्ये

वहिनी : आणि अल्बमवर माझ्या नवऱ्याचं नाव कुठे आहे? हे काय, आभारांत! स्टुडिओच्या वॉचमनच्या खाली.

गिटारवाला : वहिनी, ते छापताना जरा घाई झाली.

वहिनी : तुमच्या अल्बमला घाई? एक ठोका पडून दुसरा येईपर्यंत माझी अख्खी भाजी चिरून होते.

ड्रमर : जाऊ दे गं. बस रे काड्या. उभा राहून थरथरतोयस काय? ते खातं माझ्याकडे आहे.

गिटारवाला : हात कसे आहेत आता?

ड्रमर : उजवा मूड असेल तर ऐकतो. डाव्याने राजीनामा दिलाय.

वहिनी : विषय बदलू नका. ह्या अल्बममधलं प्रत्येक गाणं ह्याने वाजवलंय. डबा घेऊन मीच यायचे ना तिथे? मग ड्रम्सपुढे त्या नव्या पोराचं नाव कसं?

गिटारवाला : आता कार्यक्रमांना तोच बसणार, म्हणून सगळ्यांचं म्हणणं पडलं की...

वहिनी : सगळ्यांचं?

गिटारवाला : माझं. माझंच म्हणणं पडलं.

ड्रमर : लोकांना आवडला का पण?

गिटारवाला : वेड लागलंय लोकांना. म्हणतात, डेथ मेटल म्हणजे नुसता धडाधड गोंगाट, एवढा संथ कधी ऐकलाच नव्हता. तळघरात पाणी चढत जावं तसा अंगावर येतो म्हणे. पुढचा ठोका पडेपर्यंत जीव टांगणीला लागतो.

ड्रमर : आणि रेकॉर्डिंगच्या वेळी तू गिटार थांबवून काय ओरडायचास?

गिटारवाला : नको ना, भोपळ्या.

ड्रमर : 'ए मढ्या, हलव की हात!'

गिटारवाला : मला काय ठाऊक तुला आजार आहे? मला वाटलं, आळस करतोयस.

वहिनी : आणि कळल्यावर? एक फोन केला नाहीत.

गिटारवाला : तोंड नव्हतं, वहिनी.

ड्रमर : मग आज कुठून आणलंस? नुसता अल्बम द्यायला एवढे जिने चढणाऱ्यातला तू नाहीस. बोल.

गिटारवाला : शनिवारी पहिला कार्यक्रम आहे. आणि त्या पोराला जमत नाहीये. जोरात वाजव म्हटलं की नुसता सुटतो. पण हळू वाजव म्हटलं की त्याला धीरच धरवत नाही, ठोक्याच्या आधीच पोचतो. ठोके मोजून देणारा मेट्रोनोम लावून पाहिला, तर सगळं मुर्दाड वाटतं.

वहिनी : म्हणजे हळू वाजवतो म्हणून ह्याला काढलंत, आणि आता हळू वाजवायला शिकवायला हाच हवा. लाज कशी वाटत नाही हो?

गिटारवाला : वाटते ना. खाली जिन्यात किती वेळ उभा होतो. दोनदा परत फिरलो.

ड्रमर : माझी ड्रमची काठी दे गं. आणि ती उशी.

(उशीवर एक ठोका. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा.)

गिटारवाला : हेच! हेच त्याला येत नाही! मध्ये तू करतोस काय? मोजतोस?

ड्रमर : मोजतोय कसला. हाताला म्हणायचो, ऊठ बाबा. आणि तो उठेपर्यंत तुझ्याकडे बघायचो.

गिटारवाला : माझ्याकडे? कशाला?

ड्रमर : चिडलास का ते बघायला. आज काढतोस की उद्या, ते बघायला.

वहिनी : प्रत्येक ठोक्याला? मला कधी बोलला नाहीस.

ड्रमर : काय बोलायचं? ते तळघर, ते पाणी, त्यात काही नाही काड्या. मी घाबरलेलो होतो, एवढंच.

गिटारवाला : मी नाव बदलून घेतो. सगळं पुन्हा छापतो. शनिवारचं रद्द करतो.

ड्रमर : नाव छाप. रद्द कशाला करतोस? उद्या त्या पोराला घेऊन ये. काठी कशी सोडायची ते मी दाखवीन. बाकीचं तुझ्याच हातात आहे.

गिटारवाला : माझ्या? मी काय करायचं?

ड्रमर : काही नाही. माझ्याकडे चिडून बघायचास, तसं त्याच्याकडे बघ.