मुलाखतीच्या दाराबाहेर

— नाही नाही, तिथे नको, इकडे हीटरपाशी बस. हात बघ कसे गार पडलेत! घाबरतेस कशाला? आत कोणी खात नाही गं. एक जर्मन बाई असते, विचारते, टाइप करते. तू आपल्या तिग्रिन्यात बोलायचं, मी तिला जर्मनमधे सांगायचं — झालं. आश्रय द्यायचा की परत पाठवायचं, ते ती ठरवणार. मी नुसती मधली. अब्रेहेत माझं नाव, पण तू मावशी म्हण, इथली सगळी आपली पोरं मावशीच म्हणतात. हा घे, हिंबाशाचा तुकडा, आपला घरचा पाव, सकाळीच भाजलाय. खा गं. तुझ्या आईच्या हातची चव नसेल, पण — तिकडे केरेन गावात बाजारामागे तिचं शिवणकाम चालू आहे ना अजून? ... तू नाही सांगितलंस? मग कोणीतरी बोललं असेल. आपली माणसं इथे मूठभर, रविवारी चर्चनंतर कॉफी होते, सगळ्यांचं सगळं कळतं.

ऐक रिशान, आपुलकीनं सांगते. लष्करी छावणीतून पळाले, एवढं म्हण, पुरे. त्या कर्नलचं नाव कशाला घ्यायचं? — असं बघू नकोस, अंदाज आपला माझा. छावणीतून पळालेल्या पोरीमागे कोणीतरी कर्नल असतोच. गेल्या हिवाळ्यात किब्रोम आला होता, धिप्पाड, हसरा. त्यालाही हेच सांगितलं मी. ऐकतोय कुठला! जमिनीखालची कोठडी, कोण मारायचं, नावं, हुद्दे — सगळं बोलला, रडत रडत. मी शब्द न शब्द सांगितला बाईला, एक गाळला नाही, विचार कुणालाही. त्याला राहायची परवानगी मिळाली, पठ्ठ्यानं मला उचलून गिरकी घेतली. आणि मग तिकडे त्याच्या वडिलांना शेतातून उचलून नेलं. सत्तरीचा म्हातारा. अजून पत्ता नाही. किब्रोम आता स्टेशनसमोर बसून असतो, मी दिसले की थुंकतो. का थुंकावं? मी काय केलं? मेहारीसाहेबांनी कॉफी पिताना विचारलं, नवीन कोण आलंय, काय काय सांगतात — मी म्हटलं, अमुक आहे, असं असं म्हणाला. बोलण्याच्या ओघात, मुद्दाम नाही. ते तिकडच्या सरकारचे आहेत हे मला — हो, माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत आहे. पण त्यांना नाही म्हणून चालतं होय? माझा मुलगा, नातनाएल, तिकडे त्यांच्या हातात आहे. अधूनमधून फोनवर आवाज ऐकवतात, ‘आई, मी बरा आहे,’ बस्स. आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसलं की फोन येत नाही.

हे कशाला बोलले मी तुझ्यापाशी... जाऊ दे, विसर. तुझ्या भल्याचं सांगते, तू मोघम बोल, बाकीचं मी नीट मांडते. काय? दुसरा दुभाषी? मागता येतो की! हक्कच आहे तुझा. माग, आणि बस महिनोन्‌महिने वाट बघत. येणारा कोण असणार? तोही त्याच कॉफीला येतो.

आली बघ बाई. ऊठ, शाल नीट घे. सरळ बघ तिच्याकडे, पण — थांब. थांब, काय बोललीस तिच्याशी? जर्मन? तुला जर्मन येतं? एवढा वेळ मी बडबडतेय आणि तू — ‘ही नको’ म्हणालीस ना? एवढंच ना? नाही, मेहारी म्हणालीस, मी ऐकलं. बाई, पोर घाबरलीये, काय बोलतेय तिचं तिला कळत नाही, मी सांगते तुम्हाला ती काय — बाहेर? मी का बाहेर थांबू? रिशान! अगं, तुझ्या आईचा तरी विचार कर! असं नको करूस गं, तुझ्या पाया पडते —

दार लावू नका. बाई, दार उघडं ठेवा जरा. मला आतलं काही ऐकू येत नाहीये.